डबीतला बाबा

सुताराच्या मुलीचा बाबा एका डबीत राहत होता.

साबणाच्या वडीएवढी डबी, पुढे बारीक जाळी, वर एक पिवळं बटण. बटण दाबलं की बाबा आधी घसा खाकरायचा. मग विचारायचा, "भिंगरे, आडवी झालीस का?"

दिवसभर घरात गरागरा फिरणारी भिंगरी तेवढ्यापुरती उशीवर डोकं टाकायची आणि डबीला सांगायची, "झाली."

मग बाबा गायचा:

*निज गं भिंगरीबाई, किती फिरशील गरागरा,*
*बाबानं बांधून ठेवला उशाशी तुझ्या वारा.*

आणि इथे डबीत एक आवाज व्हायचा. खडांग. दणदणीत, लोखंडी, मागे लांबलचक शेपूट असलेला. त्या आवाजापर्यंत भिंगरी टक्क जागी असायची. खडांग झालं की सुस्कारा सोडून कूस बदलायची, पाय पोटाशी घ्यायची. बाबा पुढची ओवी धरायचा:

*रंध्यामधून निघती साली कुरळ्या कुरळ्या,*
*निजेत हसते भिंगरी, गाली पडती खळ्या.*

ती ओवी शेवटपर्यंत ऐकायला भिंगरी बहुधा जागी नसायचीच.

बाबा तुरुंगात होता. एका रागाच्या दुपारी त्याचा हात उठला होता, आणि ज्याच्यावर उठला तो माणूस पुढे कित्येक महिने काठी धरून चालत होता. भिंगरीला तेव्हा दातही आले नव्हते. बायको भेटीला यायची तेव्हा सुतार काचेपलीकडून एकच गोष्ट बजावायचा, "तिला इथे आणू नकोस." बायकोने भांडून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा तर नुसती पाठ फिरवून बसून राहिली. तो बधला नाही. या कपड्यांत, या काचेमागे, लेकीनं बापाला पहिल्यांदा पाहायचं हे त्याच्या मनाला कबूल नव्हतं.

तुरुंगाच्या भिंतीसमोर, रस्ता ओलांडला की, एका संस्थेच्या दोन खोल्या होत्या. भेटीला आलेल्या बायाबापड्यांना तिथे बसायला बाकडं मिळे, चहा मिळे, वकील कुठला गाठायचा ते कळे, पोरांच्या शाळेचं बघितलं जाई. संस्थेच्या ताई मोठ्या खटपटी. सुताराच्या बायकोची कथा ऐकून त्या म्हणाल्या, "तोंड दाखवायचं नाही म्हणतो ना? राहू दे. पण गळ्याला काय झालंय त्याच्या? आवाज तर पाठवेल?"

म्हणून मग टेपकाका आले.

टेपकाकांचं पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते महिन्यातून एकदा संस्थेतर्फे तुरुंगात जात आणि बापांचे आवाज भरून आणत. कुणी गोष्ट सांगे, कुणी पाढे म्हणे, एक जण नुसताच घोड्यासारखा खिंकाळे, कारण त्याच्या मुलाला तेच हवं असे. यंत्र तळहाताएवढं झालं होतं, टेप कधीच संपली होती, पण काकांचं नाव तेच राहिलं.

आवाज भरायला त्यांना जी खोली मिळाली होती ती आतल्या मोठ्या फाटकाला लागून होती. पहिल्याच दिवशी सुतार पहिली ओवी संपवून श्वास घेतो न घेतो तोच ते फाटक लागलं. खडांग. सुताराची मान खाली गेली.

"पुन्हा घेऊ," काका म्हणाले.

पुन्हा घेतलं. पुन्हा त्याच जागी खडांग. फाटकाला जणू ओवीचा ताल कळला होता.

"काका," सुतार म्हणाला, "हा आवाज काढता येतो का हो? माझ्या गाण्यात फाटक नको. कुणी काही म्हणो, पोरीच्या उशाशी हे फाटक नको."

"कात्रीनं दोरा काढावा तसा काढतो. तू निर्धास्त राहा."

आणि काकांनी काढलाही. पहिली डबी घाईत तशीच गेली होती, म्हणून त्यांनी ती परत मागवली आणि तिच्यात नवीन, स्वच्छ गाणं घातलं. त्यात टाचणी पडल्याचाही आवाज नव्हता. स्वतःच्या कामावर ते खूश होते.

चौथ्या दिवशी सुताराची बायको संस्थेच्या दारात. डोळे तांबारलेले, केस कसेबसे बांधलेले.

"काका, डबी बिघडली."

"बिघडली? वाजत नाही?"

"वाजते हो. पण खडांग गेलं."

"ते मीच काढलं. नवऱ्यानं तुझ्या सांगितलं होतं."

"नवरा माझा तिथे झोपतो," ती म्हणाली, "आणि पोरीला इथे मी झोपवते. चार दिवस झाले, ती डबीला विचारते, खडांग कुठाय. मग मला विचारते. मग आजीला. आजीनं काल पातेल्यावर पळी मारून पाहिली, तर म्हणाली, हे आमचं नाही. काका, हात जोडते, तेवढं खडांग परत घाला."

काकांनी आयुष्यात हजार माणसांचे रेडिओ दुरुस्त केले होते. खरखर परत घाला म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी ते घातलं. मात्र सुताराला सांगायचं कुणी? तो प्रत्येक महिन्याला गाणं नव्यानं गायचा, फाटक वाजलं की मान खाली घालायचा आणि विचारायचा, "काढता ना काका तो आवाज?"

"आवाजाचं मी बघतो," काका म्हणायचे. "तू गा."

यात खोटं काही नव्हतं. पण म्हणताना काका यंत्राच्या बटणाकडे बघत.

असं करता करता सुताराची सुटका जवळ आली. ताईंनी त्याच्यासाठी एका फर्निचरच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता, कपड्यांचा जोड आणून ठेवला होता. सुताराला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला एकाच गोष्टीनं ग्रासलं होतं.

"काका, घरच्या भिंतीवर माझा फोटो आहे, त्यात मिशा आहेत, केस आहेत, गाल आहेत. आता यातलं काय राहिलंय?" त्याने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "माझ्याकडे तिच्या ओळखीचा एक गळाच आहे. त्यावर तिनं ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं तर मी त्या घरात पाहुणाच."

म्हणून त्याने गळा जपायला घेतला. गार पाणी बंद केलं. कुणाशी वाद घालणं बंद केलं. सुटकेच्या सकाळी काकांच्या गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "कसं वाटतंय?" तर त्याने गळ्याकडे बोट दाखवून हातानेच सांगितलं, नंतर.

तिकडे घरीही तयारी चालली होती. ताईंनी आदल्या दिवशी येऊन समजावलं होतं, "हे बघा, माणूस इतक्या वर्षांनी येतोय. दारात गर्दी करू नका, अंगावर धावून जाऊ नका. सगळे आत बसा. त्याचं त्याला सावकाश येऊ द्या." म्हणून बायको आत बसली होती, तिची आई, म्हणजे सुताराची सासू, आत बसली होती, भिंगरी डबी मांडीवर घेऊन आत बसली होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

काकांनी त्याला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि ते गाडी लावायला जागा शोधत गेले. सुतार चालत आला आणि दारापाशी थांबला.

ते दार त्याच्याच हातचं. लग्नाआधी त्याने केलेलं, चौकटीसकट. त्यावर थाप मारायची, ढकलायचं, आत जायचं. पण सुतार उभा राहिला. इतकी वर्षं दारं दुसऱ्या कुणीतरी उघडायची असत. दारासमोर आलं की थांबायचं, हात बाजूला ठेवायचे, वाट बघायची. पायांनी तेच केलं. त्याच्या ध्यानातही आलं नाही की आपण वाट बघतोय.

आत सगळे त्याची वाट बघत होते. बाहेर तो दाराची.

समोर इस्त्रीवाला टेबलावर चादर दुमडत होता. त्याने एक चादर संपवली, दुसरी संपवली, मग राहवेना.

"ओ पाहुणे, दार उघडंच आहे."

"हो," सुतार म्हणाला.

"ढकलायचं असतं."

"माहीत आहे. मीच केलंय."

इस्त्रीवाल्याने निरखून पाहिलं आणि इस्त्री खाली ठेवली. "अरे, सुतार की. मग ढकल की बाबा."

सुतार काही ढकलेना. त्याचा डोळा मात्र दाराच्या खालच्या बाजूला गेला. कुणीतरी त्याच्या दाराला पत्रा ठोकला होता. वेडावाकडा, मोठाल्या खिळ्यांनी. तो वाकला आणि बोटाने खिळे चाचपू लागला.

आतून भिंगरीने फटीला डोळा लावला. "आई, कुणीतरी आपलं दार तपासतंय."

मग तिनेच दार उघडलं. पुढ्यात एक टकलू काका उकिडवा बसलेला. तिच्या डोळ्यांसमोर त्याचे डोळे.

"कोण पाहिजे?" भिंगरीने विचारलं.

गळा एवढा जपला होता, पण ऐन वेळी सुताराने नुसतं पत्र्याकडे बोट दाखवलं. बायको मागे उभी होती, तिने पदर तोंडाशी धरला. शेवटी सासूच पुढे झाली.

"या जावईबापू. आत या. दाराचा हिशेब मागाहून घ्या."

"आई, हा पत्रा कुणी ठोकला?" घरच्यांशी सुतार बोलला ते हे पहिले शब्द.

"मी. खालची फळी कुजली होती. सुतार बोलावणार होते, पण आमचा सुतार बाहेरगावी होता."

बायकोला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही. मागून टेपकाका आले तेव्हा दारात तिघं एकमेकांना धरून हलत होते, आणि भिंगरी बाजूला उभी राहून डबीचं बटण चाचपत होती.

जेवताना तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. मग भिंतीवरचा फोटो पाहिला. मग पुन्हा त्याला.

"अगं, बाबा आहेत तुझे," आई म्हणाली.

"बाबा इथे आहे," भिंगरीने डबी दाखवली, आणि आजीच्या पाठीमागे सरकली.

सुताराचा घास हातात राहिला. सासूने त्याच्या ताटात वाढता वाढता हळूच म्हटलं, "खा. मीही तुम्हाला जावई म्हणून लगेच ओळखलं नव्हतं. दोन वर्षं लागली."

जेवणं झाली. भिंगरीची दुपारच्या झोपेची वेळ झाली. ती अंथरुणावर गेली, डबी उशाशी ठेवली, बोट बटणाकडे नेलं. तेवढ्यात सुतार पुढे झाला आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला. आता नाही तर कधी नाही. त्याने घसा खाकरला.

"भिंगरे, आडवी झालीस का?"

भिंगरीचं बोट हवेत थांबलं. तिने डबीकडे पाहिलं. डबी बंद होती.

"झाली," ती सावधपणे म्हणाली.

सुतार गायला. डोळे मिटून, गळ्यात होती नव्हती तेवढी माया ओतून गायला. पहिली ओवी संपली. क्षणभर थांबून त्याने दुसरी उचलली, आणि कुरळ्या साली निघायच्या आतच भिंगरी उठून बसली.

"तुम्ही आवाज छान काढता बाबाचा," ती म्हणाली. "पण खडांग विसरलात."

बायको सासूकडे पाहू लागली, सासू टेपकाकांकडे, टेपकाका छताकडे.

"काका," सुतार सावकाश म्हणाला, "तुम्ही काढला होतात ना तो आवाज?"

"काढला होता."

"मग?"

"परत घातला. गिऱ्हाईकाची तक्रार आली."

"दर वेळी?"

"दर वेळी. एकदा जरा हळू घातला, तर तेवढ्यासाठी तुझी बायको बस बदलून आली."

सुताराने बायकोकडे पाहिलं. "तो आवाज कशाचा आहे, तिला माहीत आहे?"

"सांगितलंय," बायको म्हणाली. "बाबाच्या तिथलं दार आहे म्हणून."

"मोठं दार," भिंगरीने हात ताणून दाखवलं. "ते लागतं. मग बाबा घाबरत नाही. मग तो पुढचं म्हणतो."

सुताराची मान खाली गेली, तशीच जशी दर महिन्याला जायची. त्याचे खांदे हलू लागले. बायको धास्तावून पुढे आली, तर तो हसत होता. आधी आवाजच नव्हता त्या हसण्याला, मग तो आला आणि थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसू थेट पोटातून.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "बाई, खडांग राहिलं. थांब हं. देतो."

मग घरात खडांगचा शोध सुरू झाला. सुताराने ताटावर ताट आपटलं.

"हे खणखण आहे," भिंगरी म्हणाली.

पेटीचं झाकण पाडलं.

"हे धप्प आहे."

सासूने लोखंडी तवा आणि उलथणं आणलं, दात-ओठ खाऊन एक ठेवून दिली.

"आजी, हा स्वयंपाक आहे."

आता टेपकाकांच्या अंगातला दुकानदार जागा झाला. ते उठले, कान टवकारून खोलीभर फिरले. "लोखंडावर लोखंड हवं. त्याला पत्र्याची साथ हवी. आणि शेपटासाठी शेजारी पोकळ काहीतरी हवं." बोलता बोलता ते दारापाशी थांबले. दाराला लोखंडी कडी होती. खाली पत्रा होता. कोपऱ्यात पाण्याचं रिकामं पिंप होतं.

सासूने कमरेवर हात ठेवले. "बघा. सकाळी पत्र्याला नाक मुरडत होतात."

पिंप दाराजवळ सरकवलं. सुताराने दार उघडलं आणि जोरात लावलं. सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून आवाज चाखला.

"जवळ आलंय. पण हे घरातलं झालं. बाबाचं बाहेरून येतं."

"बरोबर," काका म्हणाले. "फाटक खोलीच्या बाहेर होतं. पोरीला माझ्यापेक्षा चांगला कान आहे. सुतारा, तू बाहेर जा आणि तिकडून ओढ."

पुन्हा पहिल्यापासून. सुतार भिंतीला टेकला, घसा खाकरला. आडवी झालीस का? झाली. त्याने गरागरा फिरणाऱ्या भिंगरीची ओवी म्हटली, उशाशी वारा बांधला, आणि उठून बाहेर गेला. उंबऱ्यापलीकडून त्याने कडी धरली आणि सगळ्या ताकदीने दार ओढून घेतलं.

*खडांग.*

पत्रा थरथरला, पिंप घुमलं, आणि त्या घुमण्याला अशी लांब शेपूट फुटली की इस्त्रीवाल्याने मान वर केली.

बाहेर सुतार, आत भिंगरी, मध्ये बंद दार. सकाळी तो इथेच, असाच उभा राहिला होता. बायको दार उघडायला पुढे जाणार, तेवढ्यात आवाजाची शेपूट संपत आली, दुसऱ्या ओवीची वेळ झाली, आणि सुताराला थांबायला सवडच उरली नाही. ओवी चुकली असती. त्याने खांद्याने दार ढकललं आणि गात गातच आत आला:

*रंध्यामधून निघती साली कुरळ्या कुरळ्या...*

आपण काय केलं हे त्याला कळलंही नाही. बायकोने ते पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

भिंगरी मात्र नेहमीसारखी कूस बदलून झोपली नाही. ती उठून बसली होती. तोंड उघडं, गालांवर दोन्ही खळ्या.

"बाबा," ती म्हणाली. "परत कर."

सुताराला ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो वळला आणि परत बाहेर गेला.

खडांग. आत. खडांग. आत. गाणं विसरलं, झोप विसरली. भिंगरी आता डबी मुठीत घेऊन दारामागे लपत होती आणि प्रत्येक खडांगला किंचाळत होती. शेजारच्या खिडक्या उघडल्या. कुणी विचारलं, काय मोडलं? सासू म्हणाली, "काही मोडलं नाही. जावई आलाय."

इस्त्रीवाल्याने काही वेळ हे पाहिलं. सकाळी दारासमोर खांबासारखा उभा असलेला माणूस आता उंबऱ्यावरून सुईसारखा आत-बाहेर करत होता.

"काय रे सुतारा, येतोयस की जातोयस?"

"मालकिणीला विचार," सुतार आतून म्हणाला.

"अहो पुरे," बायको हसत ओरडली. "दार निखळेल."

"निखळू दे. मी आहे ना बसवायला."

दार टिकलं. भिंगरीच आधी दमली. अंथरुणापर्यंतही गेली नाही, बापाच्या मांडीवरच कलंडली. सुताराने पाठ चौकटीला टेकली. दार सताड उघडं होतं, ऊन उंबऱ्यावर येऊन बसलं होतं. त्याने फार हळू एक नवी ओवी जुळवली, जिला कुठल्याही यंत्राने पकडलं नाही:

*दार माझ्या गं हातचं, कडी वाजते खडांग,*
*निजली माझी भिंगरी, तिच्या निजेला नाही थांग.*

"शेवटचं पुन्हा म्हण," टेपकाका खिसे चाचपत पुटपुटले. यंत्र गाडीत राहिलं होतं.

सुताराने ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात भिंगरी झोपेत वळली आणि तिच्या मुठीतल्या डबीचं पिवळं बटण दाबलं गेलं. डबीतल्या बाबाने घसा खाकरला.

"भिंगरे, आडवी झालीस का?"

सुताराने वाकून डबीच्या जाळीला तोंड लावलं.

"झाली रे," तो कुजबुजला. "झाली."